राहीबाईची काच

राहीबाईच्या घरात मोडकी वस्तू मोडकी राहत नसे. कपाचा कान तुटला की तिथे तांब्याच्या तारेचा कान यायचा. बादलीला चीर गेली की तिच्यावर एमसीलचा पट्टा. छत्रीची काडी, चपलेचा अंगठा, शेजारणीच्या लेकराची पाटी, सगळं तिच्याकडे यायचं आणि धड होऊन परत जायचं. जावळीच्या खोऱ्यात, डोंगरावरच्या वाडीत ती वाढली होती. दुकान खाली, गाव ओलांडून. मोडलं ते जोडायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

लग्न करून ती नवी मुंबईत आली. नवरा कोंडिबा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पाठीवर गोणी, गालात तंबाखू आणि टोळीत त्याच्या शब्दाला वजन. ती स्वतः लसणाच्या गाळ्यावर निवडणीला जायची. दोघांनी हाडाची काडं केली आणि कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाच्या अंगाला, कृष्णामाई सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. पहिल्या दिवशी राहीबाई किती तरी वेळ छताकडे बघत राहिली. गावाकडच्या घरावर कौलं होती. दर उन्हाळ्यात वर चढून ती चाळावी लागत. इथे डोक्यावर सपाट, पांढरा स्लॅब.

"आता हे काय मोडत न्हाई," ती म्हणाली.

मोडलं. सत्त्याण्णव सालच्या होळीला तिच्या स्वयंपाकघरातल्या बीमचा पोपडा सुटला आणि खाली पुरणाच्या परातीत पडला. वर लांबलचक तडा. तड्याच्या पोटातून गंजाचं तांबडं पाणी ओघळलेलं. राहीबाईने पुरण टाकलं, परात घासली, फरशीच्या कामातून उरलेलं पांढरं सिमेंट काढलं आणि कालवायला बसली.

एवढ्यात हौसेराव आले. ते सोसायटीचे चेअरमन. मार्केटात मापाडी होते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे ती तोलून बघत असल्यासारखे बघायचे. त्यांनी बीमकडे तसंच बघितलं.

"वहिनी, हात धुवा," ते म्हणाले. "ह्ये तुमच्या एमसीलचं काम न्हाई."

त्यांनी इमारती तपासणाऱ्या टेस्टिंगवाल्यांना फोन केला. आली एक मुलगी. क्षिप्रा सबनीस. वाशीला आईवडिलांकडे राहणारी, कायनेटिकवरून येणारी, शर्टाच्या बाह्या दुमडलेली. राहीबाईला वाटलं, साहेब मागून येत असेल. मागून कुणी आलं नाही. मुलगी स्टुलावर चढली, लहानशा हातोडीने बीमवर टकटक करू लागली आणि कान लावून ऐकू लागली. जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने गोल.

"आजाऱ्याला तपासल्यावानी करतीया," कोंडिबा हळूच म्हणाला.

क्षिप्राने ते ऐकलं. "तसंच आहे, काका. फक्त हा आजारी कुठे दुखतंय ते सांगत नाही."

मग तिने बॅगेतून सेन्सर काढला. बोटाएवढं पोलादी नळकांडं, त्यातून बाहेर आलेली बारीक सळई, मागे वायर. नळकांडं तिने तड्याच्या एका कडेला चिकटवलं. सळईचं टोक दुसऱ्या कडेला टेकवलं. वायर एका डब्याला जोडली. डब्यावर आकडे उमटले.

"तडा केसाएवढा जरी उघडला तरी ही सळई सरकणार आणि हा आकडा बदलणार," तिने सांगितलं. "थांबलेला तडा भरता येतो, मावशी. चालत असलेला नुसता भरून उपयोग नाही. त्याला आधी आधार द्यावा लागतो. हा थांबलाय की चाललाय, तेवढंच मला बघायचंय."

सेन्सरच्या शेजारी, त्याच तड्यावर, तिने काचेची पातळ पट्टी आडवी बसवली. दोन्ही टोकं प्लास्टरच्या पांढऱ्या गोळ्यांत घट्ट. सुईने काचेवर तारीख कोरली.

"आणि ही कशापायी?" राहीबाईने विचारलं.

"सेन्सर नवीन आहे. आमच्या साहेबांचा अजून त्याच्यावर भरवसा बसलेला नाही. काचेवर आहे. तडा हलला तर काच फुटते. तिला धक्का लावू नका हं."

घरात मोनालीचं लग्न ठरलेलं होतं. मोनाली ही राहीबाईची एकुलती एक. वाशीच्या एका दुकानात काउंटरवर कामाला. मुलगा दिघ्याचा, सनी, कंपनीत पर्मनंट. लग्न हॉलमध्ये, पण हळद घरची. आणि हळद टेरेसवरच, हे मोनालीने साखरपुड्याआधीच जाहीर करून टाकलं होतं.

"टेरेसवर लायटिंग, बँड, माझ्या सगळ्या मैत्रिणी," ती म्हणाली. "आई, त्यात काय टेन्शन आहे?"

टेन्शन बीमचं होतं. गच्ची त्याच बीमवर होती. क्षिप्राने स्पष्ट सांगितलं, "हळदीच्या आधीच्या आठवड्यापर्यंत मी आकडे बघते. तडा थांबलेला असेल तर हो म्हणेन. नाहीतर वर माणसं चढवायची नाहीत. नाचायचं तर अजिबात नाही."

दर आठवड्याला ती येऊन डबा जोडायची. आकडा जागचा हलत नव्हता. काच शाबूत होती. राहीबाई तिला तारेचा कान असलेल्या कपात चहा द्यायची. दुसरा कप पुढे केला तर ती म्हणायची, "तोच द्या, मावशी. त्याची पकड छान आहे." राहीबाईला ही मुलगी आवडू लागली होती.

टोळीत एक रीत होती. कुणाच्या घरी कार्य निघालं की प्रत्येक गडी एकेक गोणी पाठवायचा. कुणी कांदा, कुणी बटाटा, कुणी तांदूळ. कोंडिबाचं आयुष्य टोळीत गेलेलं, तेव्हा गोण्याही तशाच आल्या. हळदीला आठवडा राहिला असताना टेम्पो दारात लागला. घरात दोन खोल्या, त्यात पाहुणे यायचे. गोण्या ठेवायच्या कुठे?

"वर," कोंडिबा म्हणाला.

टोळीने हा हा म्हणता माल गच्चीवर चढवला आणि कठड्याच्या कडेला थप्पी लावली. थप्पी लावावी तर माथाड्याने. एक गोणी आडवी, एक उभी, कोपरा सुतात. कोंडिबाने सगळ्यांना वर नेऊन दाखवली. राहीबाईनेही बघितली. आपल्या माणसाची इतकी माणसं आहेत, या विचाराने तिला भरून आलं. थप्पी आपल्या चुलीच्या बरोब्बर वर आली आहे, हे काही तिच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती लग्नघराची जाळी काढायला उठली. काठीला झाडू बांधून कोपरे झाडले. स्टुलावर चढून बीमखालून झाडू फिरवला. खाली उतरून वर बघितलं, तर काच फुटलेली.

ती तशीच उभी राहिली.

झाडू लागला असणार, ती स्वतःशी म्हणाली. दुसरं काय? त्या पोरीने सांगितलं होतं, धक्का लावू नका. आणि आपण लावला. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून फुटली तर गपगुमान भरून द्यावी, ही तिची रीत. त्यात लग्नघरात फुटकी काच. पाहुणे येणार, दिघ्याची माणसं येणार, कुणाची नजर वर गेली तर काय म्हणतील? झाडू खरंच लागला होता का, हा प्रश्न तिच्या मनात एकदा डोकावला. तिने त्याला आत घेतलं नाही.

तुकडे हलक्या हाताने कोरून काढले. पुडीत बांधले. पुडी घेऊन ती बोनकोडे नाक्यावरच्या फ्रेमवाल्याकडे गेली.

"एवढ्याशा पट्टीत कुणाचा फोटो लावणार, मावशी? मुंगीचा?"

"तुजा लावते. तेवढाच मावशील. काप गुमान."

घरी येऊन तिने पांढरं सिमेंट कालवलं. जुने गोळे साफ केले, नवी पट्टी बसवली, कडा बोटाने गुळगुळीत केल्या. लिहिण्यावाचण्याचा तिला सराव नव्हता, पण रांगोळीचा हात होता. जुन्या तुकड्यांवरची तारीख समोर ठेवून तिने रांगोळीची नक्षी उतरवावी तशी ती सुईने नव्या काचेवर उतरवली. काम झालं. खाली उतरून बघितलं. कुणाला कळलं नसतं.

क्षिप्रा शेवटच्या फेरीला आली तेव्हा घर भरलेलं होतं. कोंडिबा, हौसेराव, मोनाली, सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. तिने डबा जोडला. भुवया वर गेल्या. वायर काढली, पुन्हा जोडली. मग स्टुलावर चढून काच बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं.

"विचित्र आहे," ती म्हणाली. "आकडा खूप पुढे गेलाय. आणि काच तर शाबूत."

ती खाली पीसीओवर जाऊन साहेबांशी बोलून आली.

"साहेब म्हणतात, काच धड आहे म्हणजे तडा हललेला नाही. उन्हाळ्यात, खाली गॅसच्या धगीने, सेन्सरचा गोंद सुटला असेल. काढून आणायला सांगितलंय."

"म्हंजे टेरेस?" हौसेरावांनी विचारलं.

"काचेवर जायचं तर…" ती जराशी थांबली. "हरकत नाही."

मोनालीने टाळी वाजवून उडीच मारली. कोंडिबा म्हणाला, "म्या म्हणलं नव्हतं? मशीनला काय कळतंय?" हौसेराव बँडवाल्याला निरोप धाडायला वळले. क्षिप्रा बॅगेतून पातं काढून स्टुलावर चढली आणि सेन्सरखाली पातं घालू लागली.

राहीबाई चहा ओतत होती. तिचा हात थांबला. घरात सगळे हसत होते. लेक इतकी खूश तिने बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. काही बोललं नाही तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. आणि वर दोनशे माणसं नाचणार होती. त्यांत मोनाली सगळ्यांच्या मधोमध.

तिने किटली खाली ठेवली.

"ताई, थांबा. ती काच तुमची न्हाई. माजी हाय."

क्षिप्राला कळेना. "म्हणजे?"

"तुमची फुटली. म्या दुसरी बसवली."

मोनाली म्हणाली, "आई, काय बोलतेस तू?"

"जाळी काढताना फुटली. झाडू लागला आसंल, आसं वाटलं मला." राहीबाईचा आवाज बारीक झाला. "वाटलं म्हंजे, वाटून घेतलं."

क्षिप्रा स्टुलावरून उतरली. रागावली नाही. तेच राहीबाईला अवघड गेलं.

"मावशी, नीट आठवून सांगा. झाडूने फुटली असती तर तुकडे खाली पडले असते. पडले होते?"

"न्हाई. जाग्यावरच व्हते. दोनी टोकं तुमच्या गोळ्यात धरलेली."

"आणि मधे?"

"मधी फट."

"केवढी?"

राहीबाईने डब्यातून तांदळाचा दाणा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "ह्यो आडवा बसला आसता."

क्षिप्राचा चेहरा उतरला. तिने तुकडे मागितले. पुडी होती. राहीबाई काही टाकत नसे. तुकडे बरोबर मधोमध, तड्याच्या रेषेवर तुटलेले. क्षिप्राने पातं बॅगेत ठेवून दिलं.

"सेन्सर खरं बोलत होता," ती म्हणाली. "मीच त्याला खोटं ठरवून काढून टाकत होते. वर काही ठेवलंय का?"

सगळ्यांची नजर छताकडे गेली. मग कोंडिबा म्हणाला, "थप्पी."

पुढे घरात जो गोंधळ झाला, तो सोसायटीने जिन्यापर्यंत ऐकला. मोनाली रडत आतल्या खोलीत गेली. कोंडिबा बायकोवर कडाडला, "टोळीला शबूद दिलाय म्या! आता काय तोंड दावू? एक काच फुटली तर फुटली, गप बसायला काय झालतं?"

"गप बसले व्हते की," राहीबाई म्हणाली. "तेच चुकलं."

क्षिप्रा पुन्हा पीसीओवर धावली. साहेबांचा हुकूम आला, घर रिकामं करा, आधी वरचं ओझं उतरवा, टेकू वाटेत आहेत. तिने सगळ्यांना बाहेर काढलं, खालच्या घरातल्यांनाही. वायर दारातून ओढून डबा जिन्याच्या पायरीवर ठेवला. टोळीतले गडी आले. तिने सांगितलं, वर एका वेळी दोघंच, आणि हळू. कोंडिबा स्वतः वर गेला. पहिली गोणी पाठीवर घेऊन खाली आला आणि डब्याशी थबकला.

आकडा जरासा उतरला होता.

दुसरी गोणी आली. आकडा पुन्हा उतरला. तिसरी, चौथी. थप्पी खाली येत गेली तसा आकडा खाली येत गेला. जिन्यात उभी असलेली माणसं डब्याभोवती गोळा झाली. कुणी गोणी घेऊन आला की सगळे वाकून बघायचे. सिमेंटचा निर्जीव बीम, आत कुणीही नसलेल्या खोलीत, आपल्या डोक्यावरून काय उतरलं ते बाहेर कळवत होता.

"एक गोणी परत वर नेऊन बघू का?" एका गड्याने विचारलं.

"खबरदार!" क्षिप्रा आणि कोंडिबा एकदमच ओरडले.

मग पहिल्यांदा हशा झाला.

शेवटची गोणी उतरली. आकडा खाली आला, पण पहिल्या जागी मात्र आला नाही. कोंडिबाने घाम पुसला आणि पायरीवर बसला. डब्याकडे बोट करून बायकोला म्हणाला, "माज्या पाठीला जेवढं कळतं, तेवढं ह्येला कळतंय गं." थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "बोललीस ते बरं केलंस."

संध्याकाळी लोखंडी टेकू आले. बीमखाली उभे राहिले, खालच्या मजल्यांवरही. टेकू बसवणाऱ्याने बीमची सुटलेली कड हाताने ओढली, तर ती ताटाएवढी निघून आली. आतली सळई गंजून फुगलेली. क्षिप्राने बोट लावलं आणि कांद्याची साल सुटावी तसे पापुद्रे सुटले. आत धड लोखंड उरलं होतं ते पेन्सिलीएवढं. हौसेरावांनी ते बघितलं. ह्या वेळी काही तोललं नाही. नुसते हात जोडले. क्षिप्राला जोडले, की राहीबाईला, की त्या नळकांड्याला, ते कळलं नाही. तिघंही एकाच रेषेत होते.

प्रश्न उरला हळदीचा. टेकूंच्या भरवशावर माणसं घरात परतली, पण मोनाली अजून बोलत नव्हती. तो प्रश्न शेवंताबाईने सोडवला. शेवंताबाई बोनकोडे गावची, जुनी आगरी बाई. नाक्यावर मासळी विकायची. तिच्या टोपलीची कड राहीबाईने कैक वेळा विणून दिली होती. तिला बातमी कळली तशी ती टोपली घेऊनच वर आली आणि मोनालीच्या दारात उभी राहिली.

"काय गो, रडतं कनाला? आमचं आंगन मेलंय काय? हलद कशी करतान ती आमाला इचार. गाव नाचल, गाव."

मोनालीने डोळे पुसले. "पण लायटिंग?"

"आंब्याला लाव नं. आंबा काय नाय बोलतं काय?"

हळद शेवंताबाईच्या अंगणात झाली. आंब्याला माळा लागल्या. टोळीच्या गोण्या तिथेच फुटल्या, तिथेच चुली मांडल्या. जावळीची माणसं आली, दिघ्याची आली आणि बोनकोड्याची तर न बोलावता आली. मोनाली हळदीने पिवळीधमक होऊन मधोमध नाचत होती. तिचा टेरेस ती केव्हाच विसरली होती. कोंडिबाची टोळी नाचायला लागली तेव्हा राहीबाईच्या तळपायांना धमधम जाणवू लागली. एरवी तिला गंमत वाटली असती. आता तिने डोळे मिटले. प्रत्येक ठोका तिला बीमखाली उभं असल्यासारखा ऐकू आला. खाली जमीन होती. जमीन सगळ्यांना झेलत होती.

क्षिप्रा उशिरा आली, तशीच कामाच्या कपड्यांत. राहीबाई हळदीची वाटी घेऊन तिच्याकडे गेली.

"मावशी, शर्ट, शर्ट!"

"शर्ट धुता येतो." राहीबाईने तिच्या दोन्ही गालांना हळद लावली. मग तिचे हात धरले. बोटांना वाळलेला गोंद लागलेला होता. तिला पुष्कळ बोलायचं होतं. माझी लेक वर असती, एवढंच ती म्हणू शकली.

क्षिप्राने हात सोडवून घेतले नाहीत. मग ती हसली. "एक सांगू? तुम्ही काच इतकी सरळ बसवली होती, तारीखसुद्धा. मी बोट फिरवून बघितलं आणि फसले. आमच्याकडे कामाला येता का?"

"नगं बाई. तुमच्याकडं न जोडता बघत बसाय लागतं. मला न्हाई जमायचं."

जमलं मात्र. पावसाळ्याआधी बीम दुरुस्त झाला. नवी सळई, नवं सिमेंट. क्षिप्राने सेन्सर पुन्हा लावला आणि शेजारी नवी काच. या वेळी सुई तिने राहीबाईच्या हातात दिली. राहीबाईने स्टुलावर चढून, रांगोळीच्या हाताने, त्या दिवसाची तारीख कोरली.

मोनाली पहिल्या दिवाळीला माहेरी आली, तेव्हा घर नेहमीसारखं लख्ख होतं. भिंती पुसलेल्या, कप धड, दारावर तोरण. फक्त बीमखालचा एक कोपरा तसाच. काचेच्या आणि सेन्सरच्या मधे कोळ्याने जाळं विणलेलं.

"आई, ते जाळं राहिलं की! मी काढते." तिने झाडूची काठी उचलली.

"काठी खाली ठेव," राहीबाई म्हणाली. "तिथं झाडू लावायचा न्हाई. त्यो कोळी ऱ्हाऊ दे तिथंच."